स्प्लॅश माउंटनची टियाना झाली, नवरा निषेध म्हणून बसणार नाही म्हणतोय, काय करू?

मनमौजी_मनू

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. स्प्रिंग ब्रेकला पोरांना घेऊन ओरलँडोला चाललोय, मोठी १२ ची आणि धाकटा ७ चा, आणि मॅजिक किंगडमचा (डिस्नी वर्ल्डमधला एक पार्क) दिवस ठरवताना घरात चक्क भांडण लागलंय. कारण काय तर स्प्लॅश माउंटन, ओंडक्यासारख्या होडीत बसून पाण्यात खाली पडायची ती राइड. म्हणजे आता नसलेली स्प्लॅश माउंटन.

नवरा इथे शिकायला होता तेव्हा रूममेट्सबरोबर गेला होता आणि एका दिवसात पाच वेळा बसला होता म्हणे. शेवटच्या पडण्याच्या वेळी जो फोटो काढतात तो अजून आमच्या फ्रिजवर आहे, कडा गोल वळल्यात, रंग गेलाय, पण काढू देत नाही. फोटोत हा एका मुठीत चष्मा घट्ट धरून बसलाय आणि तोंड एवढं उघडलंय की पडजीभ दिसते. आता त्या जागी डिस्नीच्या टियाना राजकन्येची टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर आहे कळल्यापासून म्हणतो, तुम्ही जा, मी बाहेर बॅगा सांभाळत बसतो. निषेध! एकट्याचा! बाकावर बसून!

मी आपली नेटवर शोधायला गेले की बाबा राइड आहे कशी, तर तिथे नुसता धुरळा. अर्धे लोक म्हणतात बालपण लुटलं, अर्धे म्हणतात जुनीसाठी रडणारा प्रत्येक जण रेसिस्ट. राइडबद्दल कोणी बोलतच नाही. मी स्वतः २०११ मध्ये एकदाच बसलेय आणि मला ओली जीन्स सोडून काही आठवत नाही.

तर प्रश्न असे की एक म्हणजे राइड चांगली आहे का, दुसरं ७ वर्षांचा घाबरेल का (उंची ४० इंचांच्या वर आहे, चालते म्हणे), आणि तिसरं म्हणजे हे नक्की भांडण कशावरून आहे ते कोणीतरी मला साध्या मराठीत सांगा.


वेळूबन

मनू, स्वागत आहे! मी कॅलिफोर्नियात असते, डिस्नीलँड तासाभरावर, गेली पंधरा-सोळा वर्षं पास आहे त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही बऱ्याच वेळा झाल्यात. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही, जरा लांबेल, चहा घेऊन बस.

स्प्लॅश माउंटन पहिल्यांदा डिस्नीलँडमध्ये १९८९ च्या जुलैत सुरू झाली, मग १९९२ मध्ये फ्लोरिडात आणि टोकियोत. कल्पना टोनी बॅक्स्टर नावाच्या डिझायनरची, १९८३ मध्ये ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये अडकलेला असताना सुचली असं तो सांगतो. तेव्हा पार्कच्या त्या कोपऱ्यात फार कोणी फिरकत नव्हतं, गर्दी तिकडे खेचायची होती. शिवाय 'अमेरिका सिंग्ज' नावाचा एक शो होता, गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांचा, तोही मरगळलेला. तो १९८८ मध्ये बंद केला आणि त्यातले प्राणी उचलून या राइडमध्ये बसवले. म्हणजे लोक ज्या बेडकांसाठी आणि कोंबड्यांसाठी आज डोळे पुसतायत ते मुळात दुसऱ्या शोमधले सेकंडहँड होते! त्यातल्याच दोन बदकांचे, म्हणजे हंसच होते वाटतं, पिसं-कातडी काढून नुसते सांगाडे स्टार टूर्स या दुसऱ्या राइडच्या रांगेत रोबो म्हणून उभे केले. मला ही गोष्ट भारी आवडते.

नावाचीही गंमत. आधी ठरलं होतं 'झिप-ए-डी रिव्हर रन'. तेव्हाचे बॉस मायकल आइसनर यांना कंपनीच्या १९८४ च्या 'स्प्लॅश' या जलपरीच्या सिनेमाचं नाव कुठेतरी चिकटवायचं होतं. जलपरी काही राइडमध्ये आली नाही पण नाव मात्र राहिलं.

आता मूळ दुखणं. राइडची गोष्ट घेतली होती १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' मधून, त्यातल्या फक्त कार्टूनच्या भागातून, म्हणजे ससा, कोल्हा आणि अस्वल. सिनेमावर तो आला तेव्हाच टीका झाली होती, कृष्णवर्णीयांच्या संघटनेने, एनएएसीपीने, तेव्हाच सांगितलं होतं की दक्षिणेतल्या मळ्यांवरचं कृष्णवर्णीयांचं आयुष्य यात फार गोडगोड करून दाखवलंय. अमेरिकेत थिएटरमध्ये तो शेवटचा लागला १९८६ मध्ये, त्यानंतर नाही. इथे व्हिडिओवर कधीच आला नाही, डिस्नी प्लसवर पण नाही. म्हणजे बघ, १९८९ नंतर राइडमध्ये बसलेल्या बहुतेक पोरांनी तो सिनेमा पाहिलेलाच नाही! त्यांच्यासाठी तो ससा म्हणजे सिनेमातला ससा नव्हताच, राइडमधलाच ससा. म्हणून 'रेसिस्ट सिनेमासाठी रडताय' असं म्हटलं की ती माणसं खरंच गोंधळतात, त्यांच्या डोक्यात सिनेमा नाहीच, ओंडका आहे आणि गाणं आहे आणि शेजारी बसलेला बाप आहे.

बदल जाहीर झाला २५ जून २०२० ला, म्हणजे जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर देशभर मोर्चे चालू होते त्याच दिवसांत. कंपनी म्हणाली आम्ही २०१९ पासूनच यावर काम करतोय. कोणी विश्वास ठेवला, कोणी नाही. फ्लोरिडातली २२ जानेवारी २०२३ ला शेवटची चालली, त्या दिवशी तीन तासांच्या वर रांग होती, आणि मग लोक ऑनलाइन बरण्या विकायला लागले, 'स्प्लॅश माउंटनचं खरं पाणी'. मी खोटं बोलत नाहीये, बातम्यांत आलं होतं. आमच्याकडची ३० मे २०२३ ला बंद झाली. नवी फ्लोरिडात २८ जून २०२४ ला आणि इकडे त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला उघडली.

माझं मत विचारशील तर बदल बरोबर होता, आणि मला वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. शेवटच्या आठवड्यात मी एकटी जाऊन बसले होते. इकडे ओंडक्यात एकामागे एक बसतात, फ्लोरिडासारखे जोडीने नाही, तर माझ्या पुढे एक आजोबा होते आणि ते पूर्ण राइडभर सगळ्या प्राण्यांना हात हलवून टाटा करत होते. एकेकाला. कोणाला सोडलं नाही.


कट्टर_ओंडका

वेळूबनताईंनी इतिहास छान सांगितला पण मुद्दा राहिलाच. सिनेमा वाईट होता, मान्य, काढा. माझी तक्रार टियाना आणली ही नाहीच, टियाना माझ्या मुलीची आवडती आहे. माझी तक्रार ही आहे की राइडची गोष्ट बिघडवली.

जरा नीट सांगतो. ही राइड म्हणजे काय तर शेवटी एकदा ५० फुटांवरून खाली पडायचं, वेग ताशी ४० मैलांच्या आसपास. बाकी आठ-नऊ मिनिटं आपण काय करतो? वाट बघतो. आणि वाट बघण्यातच सगळी मजा असते, हे जुनी बनवणाऱ्याला बरोबर कळलं होतं. सुरुवातीला सगळं हसतं-गातं, ससा घर सोडून निघतो, कोल्हा-अस्वल मागे लागतात, पण ते बावळट आहेत म्हणून आपण निवांत. मग ससा मधाच्या पोळ्यात अडकतो (मूळ गोष्टीत डांबराची बाहुली आहे, राइडमध्ये मुद्दाम मध केला होता) आणि एकदम अंधार. गाणं रडवं होतं. एक ससीण आपल्या पिल्लांना जवळ घेऊन गातेय. ओंडका शेवटच्या चढाला लागतो, खडखडखडखड, आणि वर दोन गिधाडं बसलेली, टोप्या घालून, आणि ती तुम्हाला हसतात. सशाला नाही हो, तुम्हाला! बाजूला ससा बांधलेला, कोल्हा वरती उभा, ससा म्हणतोय काय वाट्टेल ते कर पण मला त्या काटेरी झुडपात टाकू नकोस, आणि धाडकन तुम्ही स्वतःच त्या काट्यात पडता. खाली आल्यावर कळतं की अरे, सशाला हेच पाहिजे होतं, तो काट्यातच जन्मलाय, कोल्ह्याला उल्लू बनवलं. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीसारखं. पडणं हीच सुटका होती!

आता नवीन. टियानाला मार्डी ग्राची, म्हणजे तिकडच्या कार्निव्हलची, पार्टी द्यायचीय. वाजवणारे कमी पडतायत. आपण दलदलीत वाजवणारे शोधायला जातो. सापडतात. ममा ओडी ही जादूगार म्हातारी जादूने आपल्याला बेडकाएवढं करते, मग परत मोठं करायचं म्हणून ५० फूट खाली टाकते. पार्टी होते. संपलं. अहो वाजंत्री शोधायला निघालेल्या माणसाला कड्यावरून कशाला ढकलायचं? टियानाच्या सिनेमात डॉक्टर फॅसिलिएसारखा खलनायक आहे, सावल्या आहेत, भीती आहे, ते सगळं सोडून दिलं. का, तर गोष्ट सिनेमाच्या नंतरची आहे आणि तो तर मेला. मग आधीची घ्यायची होती! टियानाला या राइडमध्ये काहीच अडचण नाही हीच मोठी अडचण आहे. हॉटेल चाललंय, लग्न झालंय, वर कंपनी पण काढलीय, टियानाज फूड्स, तीसुद्धा कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था. सहकार चळवळीबद्दल मला पूर्ण आदर आहे पण ओंडक्यात बसून मला भागधारकांची सभा नकोय.


रांगेत_शेवटी

भागधारकांची सभा, मेलो हसून 😂 पुढच्या वेळी कड्यावरून ढकलताना लाभांश पण जाहीर करा म्हणावं


अवनी_जॉर्जिया

हे सगळं वाचून राहवलं नाही. मी अटलांटाजवळ राहते, आणि त्या सिनेमाचा प्रीमियर इथेच झाला होता, नोव्हेंबर १९४६ मध्ये. त्यात गोष्टी सांगणाऱ्या अंकल रीमसचं मुख्य काम करणारा जेम्स बास्केट त्या प्रीमियरला नव्हता, कारण इथे तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते, आपल्याच सिनेमाच्या समारंभात त्याला बाकीच्यांबरोबर वावरताच आलं नसतं. पुढे १९४८ मध्ये त्याला मानद ऑस्कर मिळालं आणि त्याच वर्षी जुलैत तो गेला. 'झिप-ए-डी-डू-डा' हे गाणं त्यानेच म्हटलंय. तुम्ही सगळे जे गुणगुणता ना, तो आवाज त्याचा. मला हे कळल्यापासून ते गाणं पूर्वीसारखं ऐकता येत नाही.

पण कट्टरभाऊ, तुम्ही गोष्टीबद्दल जे म्हणताय त्याच्या पुढचं एक सांगते जे दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. हा ससा डिस्नीचा नाही, आणि त्या गोष्टी लिहून छापणाऱ्या जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराचाही नाही. त्याने १८८० च्या दशकात पुस्तकं काढली, पण त्या गोष्टी गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या, त्यांच्यातल्या कितीतरी आफ्रिकेतून सोबत आलेल्या. छोटा ससा, अंगात ताकद नाही, कायदा त्याच्या बाजूने नाही, समोर कोल्हा आणि अस्वल, तो फक्त डोक्याने सुटतो. कोणी कोणाला रात्री ही गोष्ट का सांगत असेल ते उघड आहे. आपल्याकडे पंचतंत्रात ससा सिंहाला विहिरीत पाडतो तसंच, फक्त इथे सांगणाऱ्याच्या घरातच सिंह होता.

म्हणजे झालं काय बघा, ज्यांच्या गोष्टी होत्या त्यांच्याकडून घेतल्या, त्याला मळ्याची गोड चौकट लावली, मग चौकट लाजिरवाणी झाली म्हणून गोष्टीसकट फेकून दिली. ससा बिचारा परत फसला. त्यामुळे बदल झाला याचं मला बरं वाटतं, पण 'प्रश्न मिटला' असं कोणी म्हटलं की नाही पटत.

आणि टियानाबद्दल एवढं हलकं बोलू नका. २००९ मध्ये आलेली डिस्नीची पहिली कृष्णवर्णीय प्रिन्सेस आहे ती, आणि न्यू ऑर्लीन्सच्या लीआ चेस या खऱ्याखुऱ्या स्वयंपाकिणीवरून बरीचशी बेतलेली. तिच्या डुकी चेस हॉटेलात साठच्या दशकात चळवळीतले काळे-गोरे लोक एकत्र बसून जेवत आणि बैठका घेत, तेव्हा ते बेकायदेशीर होतं तरी. आता तुम्ही म्हणाल मग तेच दाखवा की राइडमध्ये, पार्टी कशाला. तर हो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही 🙂


कट्टर_ओंडका

अवनीताई, लीआ चेसचं माहीत नव्हतं. सशाचं पण नाही, म्हणजे आफ्रिकेचं ऐकून होतो पण असा विचार नव्हता केला. आधीची पोस्ट जरा जोरात झाली, पण पडायला काहीतरी कारण पाहिजे यावर मी ठाम आहे.


टोकियोकर

इथे टोकियोत जुनी अजून चालू आहे बरं का. १ ऑक्टोबर १९९२ पासून. इथला पार्क डिस्नीच्या स्वतःच्या मालकीचा नाही, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी परवाना घेऊन चालवते, त्यामुळे तिकडे बदललं म्हणून इकडे लगेच बदलतं असं नसतं. ससा जपानीत बोलतो. निषेधवाल्या मिस्टरांना इकडे पाठवून द्या, बाकावर बसण्यापेक्षा बरं. विमानाचं तिकीट मात्र त्यांनी काढावं.


रांगेत_शेवटी

मनूताई, मिस्टरांना सांगा निषेधाची परंपरा जुनी आहे, ते काही पहिले नाहीत. फ्लोरिडातच मिस्टर टोड्स वाइल्ड राइड होती, ती काढून विनी द पू करणार कळल्यावर लोकांनी हिरवे टीशर्ट छापून पार्कात जाऊन 'टोड-इन' केले होते, म्हणजे धरणंच, पण बेडकासाठी. उपयोग शून्य. ७ सप्टेंबर १९९८ ला बंद. पण आत्ता पूच्या राइडमध्ये बसलात तर भिंतीवर एक फोटो शोधा, टोडसाहेब घुबडाच्या हातात घराचे कागद देतायत. सातबारा ट्रान्सफर! आणि हाँटेड मॅन्शनच्या बाहेर प्राण्यांच्या स्मशानात टोडचा एक पुतळा पण आहे. कोणीतरी बनवणारा आतून रडला असणार त्याशिवाय असं होत नाही.

तसंच कॅलिफोर्नियात अस्वलांचा शो काढून पू आणला तर तिथे राइडमध्ये एका ठिकाणी मागे वळून वर बघायचं, जुन्या शोमधली भिंतीवरची तीन मुंडकी अजून लटकतायत. बहुतेक लोक पुढेच बघतात.

२०१७ ला तिथल्याच टॉवर ऑफ टेरर राइडचं गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी केलं तेव्हा पण हाच तमाशा, जग बुडालं वगैरे, आणि आता तिथे तास-तास रांग. फ्लोरिडातल्याच एपकॉट पार्कात नॉर्वेची मेलस्ट्रॉम राइड होती तिचं २०१६ ला फ्रोझन झालं. सगळे शिव्या देतात आणि सगळे रांगेत उभे राहतात. मी पण.

अवांतर: मला स्वतःला टियानाची राइड ठीक वाटली. गाणी जबरदस्त, झायडेको (लुइझियानाचं लोकसंगीत) वगैरे कानाला एकदम नवीन, आणि ते पुतळे म्हणजे पुतळे म्हणवत नाही, टियानाच्या चेहऱ्यावरचे हावभाव बघून मी पहिल्यांदा दचकलो की ही बाई खरी उभी आहे की काय. पण मधे मधे लांबच लांब नुसती झाडी आहे, काही घडतच नाही, तिथे जुनीत प्राण्यांची नुसती गर्दी असायची.


मिठाचा_खडा

मी तेल कंपनीत भूगर्भवाला आहे, ह्यूस्टन. या धाग्यात मला बोलायचा हक्क आहे कारण ही जगातली बहुधा एकमेव राइड आहे जिचं कथानक माझ्या खात्यात येतं.

न्यू ऑर्लीन्सजवळ डोंगर कुठून आला असा प्रश्न चाहते विचारणार हे माहीत असल्यामुळे डिस्नीवाल्यांनी आधीच ठरवून टाकलं की हा डोंगर म्हणजे सॉल्ट डोम आहे, मिठाचा घुमट. यावर नेटवर खूप टिंगल झाली की राइड आहे का भूगोलाचा तास. पण हे शंभर टक्के खरं आहे हो! लुइझियानाच्या खाली जुन्या समुद्राचा मिठाचा जाड थर गाडला गेलाय. मीठ वरच्या दगड-गाळापेक्षा हलकं, आणि दाबाखाली ते फार सावकाश वाहतं, टूथपेस्टसारखं. मग जिथे फट मिळेल तिथून वर वर सरकत येतं आणि वरची जमीन उचलून धरतं. सगळीकडे सपाट दलदल आणि मधेच एक टेकडी, ती अशी. एव्हरी आयलंड नावाचं ठिकाण आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५० मीटर, त्या भागात तो म्हणजे हिमालय. टबॅस्को सॉस तिथेच बनतो. टियानाने कंपनी मिठाच्या डोंगरावर काढली ती कल्पना तिथूनच आली असणार, सॉसवाल्यांचं बघून.

तर टिंगल करणाऱ्यांनो, गोष्ट कच्ची असेल, दगड पक्का आहे.

(फ्लोरिडात मात्र एक खटकतं. ही राइड फ्रंटियरलँडमध्ये आहे, काउबॉय, सोन्याची खाण, आणि शेजारी एकदम लुइझियानाची दलदल. कॅलिफोर्नियात न्यू ऑर्लीन्स स्क्वेअर बाजूलाच आहे म्हणून शोभून दिसतं, तिथे त्या भागाचं नावच बदलून बायू कंट्री केलंय.)


वेळूबन

मिठाचा खडा, आजचा सर्वोत्तम प्रतिसाद 👏

मनू, तुझे पहिले दोन प्रश्न सगळ्यांनी वाऱ्यावर सोडले म्हणून मीच उत्तर देते. धाकटा घाबरण्याचा प्रश्न: मधे दोन-तीन छोट्या उड्या आहेत, त्यातली एखादी अंधारात, ती झाल्यावर त्याच्याकडे बघ, हसत असेल तर पुढचं निभेल. खरं तर या बाबतीत नवी बरीच सोपी आहे. जुनीत गिधाडं बघूनच अर्धी पोरं रडायला लागायची, आता वर चढताना ममा ओडी आजीसारखी बोलत असते. कट्टरभाऊंना जे कमी वाटतं तेच तुझ्या धाकट्याला बरं पडेल. फ्लोरिडात जोडीने बसतात, तर त्याला शेजारी घे आणि पुढच्या ओळीत बसू नका, पुढचे न्हातात. जीन्स घालू नकोस हे तर तुला माहीतच आहे. आणि रांगेत एके ठिकाणी बेन्येचा, त्या साखर लावलेल्या तळलेल्या पावांचा, वास सोडतात, पोटात काही नसेल तर हाल होतात.

राइड चांगली आहे का? गाणी आणि पुतळे यांसाठी हो. पडणं तेच आहे, पाण्याचा पाट जवळजवळ तोच आहे, वळणं तीच. म्हणून तर जुन्या लोकांना जास्त त्रास होतो, अंगाला सगळं ओळखीचं लागतं आणि डोळ्यांना काहीच ओळखीचं दिसत नाही.


मनमौजी_मनू

मंडळी, जाऊन आलो! उशीर झाला लिहायला, आल्यावर धुण्याचा डोंगर होता (मिठाचा नाही).

तर नवरा बसला. समजावून वगैरे नाही, त्याने बॅगा घेऊन बाक पकडला होता, पण धाकटा ऐन वेळी म्हणाला बाबा नसेल तर मी पण नाही. मग काय, बॅगा ओंडक्यात पायाशी आणि आम्ही चौघं. मोठी म्हणाली मी धाकट्याशेजारी बसते, त्यामुळे मी नवऱ्याच्या शेजारी.

गाण्यांना पाय हलत होता त्याचा, मी बघितलं, बोलले नाही. मगर ट्रम्पेट वाजवते तिथे तर हसला पण. झाडीच्या लांब पट्ट्यात म्हणाला इथे अस्वल होतं, इथे ते कोंबड्यांचं काहीतरी होतं, आणि मग गप्प बसला. शेवटच्या चढाला लागलो तेव्हा सगळे ममा ओडीकडे बघत होते आणि हा मान मागे टाकून वर, छताकडे बघत होता, नुसता काळोख होता तिकडे. मी विचारलं काय बघतोयस, तर म्हणे काही नाही, गिधाडं. तेवढ्यात पडलो.

फोटो विकत घेतला. फोटोत धाकट्याचे डोळे मिटलेले, मोठीचे केस तोंडावर, माझं विचारू नका, आणि हा चष्मा मुठीत धरून. फ्रिजवर दोन्ही लावलेत सध्या. पुन्हा बसशील का विचारलं तर म्हणाला, 'बघू, टोकियोचं तिकीट केवढ्याला पडतं?' टोकियोकर, तुम्ही आग लावलीय.

बाकी मिठाचा खडा यांना एक प्रश्न आहे, धाकट्याकडून. रांगेत उभं असताना मी तुमचं सगळं त्याला वाचून दाखवलं होतं. तर त्याचं म्हणणं, डोंगर मिठाचा आहे आणि आतून एवढं पाणी वाहतंय, मग तो विरघळत कसा नाही? मी म्हटलं विचारते.


मिठाचा_खडा

पोरगं हुशार आहे. त्याला सांगा की खऱ्या घुमटाच्या माथ्यावर जिप्समसारख्या दगडाचं झाकण असतं, विरघळून विरघळून जे उरतं ते, आणि ते खालच्या मिठाला वाचवतं. झाकणाला भोक पडलं तर मात्र त्याची शंका बरोबर आहे.

एव्हरी आयलंडच्या जवळच लेक पेन्यूर म्हणून तळं आहे, खाली मिठाची खाण होती. २० नोव्हेंबर १९८० ला वरून तेलासाठी ड्रिलिंग करणाऱ्यांचं छिद्र चुकून थेट त्या खाणीत घुसलं. वरून गोडं पाणी आत, मीठ विरघळून भोक मोठं, मोठं भोक म्हणून आणखी पाणी. काही तासांत अख्खं तळं खाली गेलं, ड्रिलिंगचा सांगाडा गेला, ११ बार्जेस (सपाट मालवाहू होड्या) गेल्या, झाडं गेली. तळ्यातून समुद्राकडे जाणारा कालवा उलटा वाहायला लागला आणि रिकाम्या खड्ड्यात दीडेकशे फुटांचा धबधबा पडत होता, म्हणजे तुमच्या राइडच्या तिप्पट. खाणीतले सगळे कामगार सुखरूप बाहेर आले, माणूस एकही गेला नाही. आणि नंतर पाणी भरल्यावर ११ पैकी ९ बार्जेस बुचासारख्या आपोआप वर आल्या, हे त्याला नक्की सांगा, त्या वयाला हेच आवडतं.


कट्टर_ओंडका

आणि हे सोडून पार्टी दाखवतायत